सुटलेली माळ पुन्हा गळ्यात घालू द्या

प्रति,
वारकरी संप्रदायातील फडकरी, दिंडीप्रमुख, कीर्तनकार महाराज मंडळी
आणि गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताह समित्यांचे सर्व कार्यकर्ते,



मी सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यातला माळकरी. उमेदीची वर्षं ट्रकच्या स्टिअरिंगवर गेली आणि दारूतही गेली. आज दारू सुटली आहे. एचआयव्ही शरीरात आहे, पण औषधानं ताब्यात आहे. माझ्यासारख्यांसाठी चालणाऱ्या एका आधार केंद्रात मी आता काम करतो. ज्यांनी एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही रोखणाऱ्या औषधाच्या, गोळ्या मध्येच सोडल्या त्यांच्या घरी जायचं, त्यांच्याजवळ बसायचं आणि त्यांना पुन्हा केंद्रापर्यंत घेऊन यायचं, हे माझं काम. घरं शोधत वाड्यावस्त्यांवर फिरताना जे दिसलं, त्यावरून हे पत्र लिहितो आहे.

मागणं आधीच सांगतो. दारू सोडून माळ घातलेला माणूस पुन्हा घसरला, की त्याची माळ सुटते आणि त्याच्यापुरतं संप्रदायाचं दारही लागतं. ते दार लागू देऊ नका. आणि एचआयव्ही झालेल्या माणसाला कीर्तनाच्या गादीवरून पापी ठरवू नका. या दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. सरकारच्या हातात त्या नाहीत, डॉक्टरांच्याही नाहीत.

एआरटी केंद्र जिल्ह्याच्या नाहीतर तालुक्याच्या गावी असतं. तिथला समुपदेशक दिवसभरात ढिगानं माणसं बघतो. सप्ताह मात्र वाडीवर येऊन बसतो. आठ दिवस रोज रात्री सगळं गाव एका मांडवात असतं, आणि गादीवरून सांगितलेली गोष्ट लोक शेताच्या बांधापर्यंत घेऊन जातात. एवढी पोच दुसऱ्या कुणाचीही नाही.

संप्रदायानं मला काय दिलं ते सांगतो, म्हणजे मी तक्रार घेऊन आलेलो नाही हे कळेल.

पिणाऱ्या माणसाला दिवसाची सगळ्यात अवघड वेळ असते संध्याकाळची. काम संपतं, अंग दुखतं, पाय आपोआप गुत्त्याच्या दिशेनं वळतात. नेमक्या त्याच वेळेला आमच्या गावच्या देवळात हरिपाठ असतो. सुरुवातीला मी भक्तीनं गेलो असं म्हणणार नाही. तो एक तास कुठंतरी काढायचा होता. हातात टाळ आले, पावली शिकलो, शेजारचा म्हातारा चुकलेला ठेका खांद्याला धक्का देऊन दुरुस्त करू लागला. तासाचे दोन झाले. पहाटे काकड्याला उठायचं म्हणून रात्री वेळेवर झोप आली. ट्रकवरच्या आयुष्यात जेवणाला, झोपेला, कशालाच वेळ नव्हती. संप्रदायानं मला आधी वेळापत्रक दिलं. देव त्यानंतर भेटला.

मग आषाढीच्या वारीला निघालो. आमच्या दिंडीत तंबू, शिधा, भांडी वाहून नेणारा एक ट्रक असतो. दिंडीप्रमुखांनी त्याची किल्ली माझ्या हातात ठेवली. पिण्यापायी एका मालकानं माझ्याकडून किल्ली काढून घेतली होती, हे त्यांना ठाऊक होतं. मी त्यांना बाजूला घेऊन एचआयव्हीचंही सांगितलं. म्हटलं, नंतर कळण्यापेक्षा आत्ताच कळलेलं बरं. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, “गोळीची वेळ कोणती?” म्हटलं, रात्री नऊ. त्या वारीत रोज नऊच्या सुमाराला, कीर्तन चालू असलं तरी, ते राहुटीच्या कडेनं फिरता फिरता माझ्याकडे एकदा बघायचे. मी मान हलवायचो, ते पुढे जायचे. चारचौघांत कधी एक शब्द नाही. आमच्या केंद्रात नव्यानं येणाऱ्या कार्यकर्त्याला मी हीच गोष्ट सांगतो. आधार द्यायचा म्हणजे काय करायचं, ते तिच्यात सगळं आहे.

विठ्ठलाच्या कृपेनं माझा एचआयव्ही गेला, असं मी कुणाला सांगत नाही आणि कुणी सांगितलं तर मानतही नाही. विषाणू आहे तिथंच आहे. त्याला रोखून धरते ती गोळी. पण ती गोळी रोज ठरल्या वेळी घ्यावी, आपण जगावं, आपल्या जगण्याचा कुणाला तरी उपयोग आहे, ही इच्छा मला देवळात मिळाली. औषध आणि भक्ती यांची कामं वेगळी आहेत. माणसाला दोन्ही लागतात.

दारू सोडवणारी माणसंही वेगळ्या वाटेनं इथंच येऊन पोहोचली आहेत. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात दोन दारुडे एकमेकांना सावरायला बसले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, उभी राहिली. आपल्या देशात ती १९५७ मध्ये मुंबईत सुरू झाली. तिथं फी नसते, साहेब नसतो. जो तो उठून स्वतःची कहाणी सांगतो. जुना माणूस नव्याचा हात धरतो. खुर्च्या मांडणं आणि चहा देणं हीसुद्धा सेवा मानतात. आपल्याच्यानं हे होत नाही, आपल्याहून मोठ्या शक्तीवर भार टाकायचा, ही पहिली शिकवण, आणि फक्त आजचा दिवस प्यायचं नाही, हा नेम. एएच्या मीटिंगला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला परकं असं काही वाटलं नाही. रोज एकत्र जमणं, शरण जाणं, अहंकार सोडणं, सेवा करणं, हे सगळं फडावर पाहिलेलंच होतं.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी पैशाचं बळ दिलं. मुंबईत तेव्हा गर्द या नशेनं पोरं गिळायला सुरुवात केली होती. व्यसन हा आजार आहे आणि व्यसनी माणसाला आधी प्रेमानं जवळ घ्यावं लागतं, हे मुक्तांगणनं महाराष्ट्राला करून दाखवलं. तिथून बरी झालेली माणसंच पुढं दुसऱ्यांना सावरायला उभी राहिली. कुणी देवाच्या नावानं करतो, कुणी नाव न घेता करतो. माझा एक सहकारी मिरजेच्या दर्ग्यात जातो, एक बहीण बुद्धविहारात बसते. एकट्यानं कुणीच उठत नाही, एवढं आम्हा सगळ्यांना कळलेलं आहे.

आता जे दुखतं ते सांगतो.

आमच्या भागातल्या एका माणसानं पंढरपुरात माळ घातली. वय चाळिशीचं, एचआयव्ही होता, गोळ्या चालू होत्या. वर्षभर उत्तम चाललं. सप्ताहाला वाढपी म्हणून राबला, अंगावर मांस आलं, बायको माहेरून परत आली. पुढं भावकीतल्या एका लग्नात कुणीतरी आग्रह केला आणि तो प्याला. दुसऱ्या दिवशी त्यानं माळ काढून कोनाड्यात ठेवली. माळ घालून पिणं म्हणजे महापाप, तेव्हा आता आपण माळेचे उरलो नाही, असा त्याचा हिशोब. देवळात जाणं थांबलं. सगळे विचारतील, म्हणून हरिपाठ थांबला. संध्याकाळ पुन्हा मोकळी झाली आणि मोकळ्या संध्याकाळी दारू आली. पाठोपाठ गोळ्या थांबल्या. मी घरी गेलो तेव्हा तो खोकत भिंतीला टेकून बसला होता. टीबी झाला होता. म्हणाला, “देवाला तोंड दाखवायची सोय राहिली नाही, मग गोळ्या कशाला खायच्या?”

त्याचं व्यसन त्या लग्नात परतलं, हे खरं. पण त्याला मरणाच्या दारात नेलं ते शरमेनं. एए आणि मुक्तांगणची माणसं घसरण्याला स्लिप म्हणतात आणि ती या आजाराचा भाग मानतात. मधुमेही माणसाची साखर वाढली तर डॉक्टर त्याला दवाखान्यातून हाकलत नाही, औषध आणि पथ्य पुन्हा बघतो. व्यसनातही तसंच आहे. कितीतरी जण एकापेक्षा जास्त वेळा पडतात आणि मग कायमचे उठतात. पडल्यावर पहिल्या दोन-चार दिवसांत कुणी हात दिला, तर माणूस लवकर सावरतो. त्या दिवसांत त्याला वाळीत टाकलं, तर घोटाचा खंबा होतो.

या माणसाकडे आमच्या दिंडीतले वृद्ध विणेकरी स्वतः गेले. त्यांनी उपदेश केला नाही. कोनाड्यातली माळ उतरवली, धुळीनं भरली होती ती पाण्यानं धुतली, स्वतःच्या उपरण्याला पुसली आणि त्याला म्हणाले, “ही तुझी आहे. मी जाताना घेऊन जाणार नाही.” मग आधी त्याला माझ्याबरोबर सरकारी दवाखान्यात पाठवलं. टीबीचा उपचार, एआरटी, दारू सोडवण्याची औषधं, सगळं नीट लागलं. पुढच्या एकादशीला त्यानं विणेकऱ्यांच्याच हातून माळ पुन्हा घातली. तो आज आहे. पण आमच्या भागात एक असे विणेकरी होते, म्हणून तो आहे. जिथं असं कुणी नव्हतं, तिथली काही नावं आमच्या रजिस्टरमध्ये कायमची बंद झाली.

माळ घेणाऱ्याला नेम असावा, त्यात ढिलाई नको, हे मला मान्य आहे. नेमाच्या कडकपणानंच मला वाचवलं. पण नेम मोडलेल्या माणसासाठीही संप्रदायाकडे एक ठरलेली रीत हवी. तो कुणाकडे येईल, काय बोलेल, माळ पुन्हा कधी आणि कशी घालेल, हे त्याला आधीच ठाऊक असावं. माळ घालतानाच त्याला सांगा: पडलास तर लपू नकोस, त्याच दिवशी ये. हे एक वाक्य माळेबरोबर दिलंत, तर तिचं बळ दुप्पट होईल.

आणखी एक गोष्ट कीर्तनकार मंडळींना कळकळीनं सांगायची आहे. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्या माणसानं एका रात्रीत दारू तोडली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याचे हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते, कधी नको ते दिसू आणि ऐकू लागतं, फिट येते. गावात लोक म्हणतात, अंगात आलं किंवा बाहेरचं लागलं. ते शरीराला दारू न मिळाल्याचं लक्षण आहे, आणि त्यात माणूस दगावू शकतो. माळ घालण्याआधी अशा माणसाला डॉक्टरला दाखवा. गोळ्या-इंजेक्शनांच्या आधारानं दारू सुखरूप सुटते. मग माळ घाला. वारीच्या वाटेवर पहिल्यांदाच दारू सोडणारे कितीतरी जण असतात. दिंडीबरोबर चालणाऱ्या वैद्यकीय पथकाला त्यांची कल्पना दिली, तर फार मोठा धोका टळेल.

आता एचआयव्हीबद्दल.

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला तो १९८६ मध्ये, चेन्नईत. तेव्हा औषध नव्हतं. नव्वदच्या दशकात भिंतींवर कवटीची चित्रं आणि मरणाचे इशारे लिहिले गेले. त्या वेळच्या कीर्तनातही एचआयव्ही आला तो कुकर्माचं फळ म्हणून. तेव्हा सगळेच घाबरलेले होते. पण १ एप्रिल २००४ पासून सरकारनं एआरटीची औषधं फुकट द्यायला सुरुवात केली. सुरुवातीच्या मोजक्या आठ रुग्णालयांत मुंबईचं जे. जे. होतं. २०१७ पासून तपासणीत एचआयव्ही आढळला की लगेच उपचार सुरू करतात, पांढऱ्या पेशी कमी होण्याची वाट बघत नाहीत. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते. ती नियमानं घेतली की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीतही दिसत नाही, आणि तसा तो दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. उपचारानं लागण रोखता येते हे सिद्ध करणारा मोठा अभ्यास २०११ मध्ये जाहीर झाला. त्यात पुण्याच्या भोसरीतली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही होती. एचआयव्ही असलेल्या आईनं वेळेवर औषध घेतलं, तर तिचं बाळ निरोगी जन्मू शकतं. माझ्या ओळखीत अशी मुलं शाळेत जातात, कबड्डी खेळतात.

आजार एवढा बदलला, पण कीर्तनातला दृष्टांत नव्वदच्या दशकातच राहिला. आजही एखाद्या गावी रंगात आलेल्या कीर्तनात महाराज म्हणतात, “बाहेर शेण खाल, तर एड्स होऊन मराल.” मांडव हसतो. त्या मांडवात कुठंतरी एक बाई बसलेली असते. तिनं आयुष्यात नवऱ्याशिवाय कुणाकडे मान वर करून पाहिलेलं नसतं. आजार नवऱ्याकडून आला, नवरा गेला, ती मागं राहिली. तिच्या शेजारी तिचं पोर असतं, त्याला तो आईच्या पोटात झालेला. त्या पोरानं कुठलं पाप केलं, हे कुणाला सांगता येईल का? आणि ज्यानं केलं म्हणता, त्यालाही आजारानं शिक्षा व्हावी, असं आपल्या कुठल्या संतानं म्हटलं आहे?

एका गावची हकिकत सांगतो. सप्ताहाच्या पंगतीसाठी घरोघरच्या भाकरी टोपल्यांतून गोळा करायची तिथं पद्धत आहे. एका विधवेला एचआयव्ही असल्याचं कळल्यापासून टोपली तिच्या दारावरून न थांबता पुढं जाऊ लागली. कुणी शिवी दिली नाही, भांडण केलं नाही. ती पहाटे उठून भाकरी थापायची, फडक्यात बांधून उंबऱ्यावर बसायची आणि टोपली गेली की उठून आत जायची. तिनं मला सांगितलं ते असं: “मला भाकरीचं काही नाही. पण देवानंही माझं घर वगळलं, असं वाटतं.” त्या वर्षी ती गोळ्या आणायला गेली नाही.

पुढच्या सप्ताहाला आलेल्या कीर्तनकार महाराजांच्या कानावर मी हे घातलं. बाईचं नाव त्यांनी गादीवरून घेतलं नाही, आजाराचंही नाही. दुपारी समितीच्या लोकांना म्हणाले, आज माझं जेवण तिकडं. तिच्या ओसरीवर बसून तिच्या हातची भाकरी आणि कालवण जेवले, पाणी प्याले, वर आणखी अर्धी मागून घेतली. समितीचे चौघे दारात उभे होते. त्यांनाही बसवलं. संध्याकाळपर्यंत गावात सगळ्यांना कळलं होतं. दुसऱ्या दिवशी टोपली थांबली. आम्ही त्या गावात दोन-तीनदा पोस्टरं लावली होती, पत्रकं वाटली होती. त्यातून जे झालं नाही, ते एका जेवणानं झालं.

अन्नातून, पाण्यातून, तीर्थ-प्रसादातून, एका ताटात जेवल्यानं, मिठी मारल्यानं, पाया पडल्यानं, डास चावल्यानं एचआयव्ही होत नाही. तो पसरतो असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित सुईतून, दूषित रक्तातून आणि आईकडून बाळाला. वारीत लहान-थोर एकमेकांच्या पाया पडतात, उराउरी भेटतात. घरच्यांनी ज्याचा पेला वेगळा ठेवला, त्याला एक अनोळखी माणूस वाकून नमस्कार करतो, तेव्हा त्याच्या आत काय होतं हे मी अनुभवलं आहे. आपल्याकडे हे आधीपासून आहे. नवीन काही आणायचं नाही.

आणि हे आपल्या परंपरेत बसतं का, असा कुणाला प्रश्न पडत असेल, तर पंढरीकडे बघा. ज्यांना राउळात प्रवेश नव्हता त्या चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे. मंगळवेढ्याच्या गणिकेची लेक कान्होपात्रा संतांच्या मांदियाळीत आहे आणि तिचं स्थान थेट मंदिराच्या आवारात आहे. मे १९४७ मध्ये याच मंदिराचं दार अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केलं, आणि दार उघडलं. गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली. लोकांनाच प्रश्न विचारत कीर्तनं केली, दारू सोडा म्हणून सांगितलं आणि अंध, पंगू, महारोग्यांना जेवू घातलं. दारूवर त्यांनी कोरडे ओढले, पण दारुड्याला मांडवाबाहेर काढलं नाही. आजच्या काळात त्याच पंढरपुरात मंगलताई शहा यांची ‘पालवी’ एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांना वाढवते, आणि लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात रवी बापटले यांचं सेवालय. ही माणसं जे करतात ते भागवत धर्माचंच काम आहे, असं मी मानतो.

म्हणून आपल्या चरणी या विनंत्या.

पहिली. माळ घालणाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना सांगा की घसरण झाली तर परतीची वाट आहे. प्रत्येक दिंडीत, प्रत्येक फडावर एक-दोन जाणती माणसं या कामासाठी नेमा. स्वतः व्यसनातून बाहेर आलेला माळकरी असेल तर सोन्याहून पिवळं.

दुसरी. देवळाचा सभामंडप किंवा भक्तनिवासातली एक खोली आठवड्यातून एका संध्याकाळी एएच्या मीटिंगसाठी द्या. ते कुठल्याही धर्माचा किंवा पक्षाचा फलक लावत नाहीत, आपणही आपला लावू नका. तिथं कोण येतं, काय बोलतं, याची चौकशी करू नका.

तिसरी. एचआयव्हीला पापाशी जोडणारे दृष्टांत कीर्तनातून काढा. त्याऐवजी सांगा: तपासणी करा, गोळी चुकवू नका. देवावर श्रद्धा आहे म्हणून औषध सोडलं, असं म्हणणाऱ्याला आपणच थांबवू शकता, कारण तो आमचं ऐकत नाही, आपलं ऐकतो. अंगाऱ्यानं एचआयव्ही बरा करतो म्हणणारे बाबा गावोगाव फिरतात. त्यांच्याविरुद्ध गादीवरून एक वाक्य बोललंत, तरी पुष्कळांचे प्राण वाचतील.

चौथी. एकादशीबद्दल बोला. उपास आहे म्हणून त्या दिवशी गोळी न घेणारे माळकरी मला दर महिन्याला भेटतात. आता बहुतेकांना जी एक गोळी असते ती उपाशीपोटीही चालते. ज्यांची औषधं वेगळी आहेत, त्यांनी केंद्रातल्या डॉक्टरांना विचारावं. पाण्याबरोबर औषध घेतल्यानं एकादशी मोडत नाही, हे आपण म्हटलंत की प्रश्न मिटला. तसंच, प्यायलेल्या दिवशी गोळी घेऊ नये असा एक समज आहे. त्यापायी पिणारा माणूस महिन्यातले कितीतरी दिवस औषध चुकवतो आणि विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. प्याला असलास तरी गोळी चुकवू नको, असंच आम्ही सांगतो. आपणही सांगा.

पाचवी. वारीत औषध घेणाऱ्यांची सोय बघा. गोळ्यांची प्लास्टिकची बाटली हलली की खुळखुळते. लोक विचारतील म्हणून बरेच जण गोळ्या काढून कागदात बांधतात आणि कनवटीला लावतात. पावसात भिजून त्या खराब होतात. राहुटीत प्रत्येकाला स्वतःची औषधं ठेवायला एक कोरडी पेटी असू द्या, साखरेच्या, रक्तदाबाच्या आणि सगळ्याच औषधांसाठी. मग कुणाची बाटली कशाची, हे कुणी विचारणार नाही. गोळ्या संपल्या किंवा हरवल्या, तर उपचाराचं पुस्तक घेऊन वाटेतल्या जवळच्या एआरटी केंद्रात जायला त्याला सुटी द्या.

सहावी, आणि ही फार जपून पाळायची. कुणालाही आपला आजार चारचौघांत सांगायला लावू नका. भल्या हेतूनंही व्यासपीठावर उभं करू नका. माणसाच्या संमतीशिवाय त्याची एचआयव्हीची माहिती दुसऱ्याला देता येत नाही आणि त्यावरून त्याच्याशी भेदभाव करता येत नाही, असा २०१७ चा कायदा आहे. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. कायद्याचा धाक घालावा म्हणून हे लिहीत नाही. ज्याचं गुपित त्याच्यापाशीच राहील अशी खात्री असली, तरच माणूस तुमच्याजवळ येऊन मन मोकळं करतो.

मांडवाच्या एका खांबावर दोन नंबर लिहून ठेवा. एचआयव्हीची माहिती आणि मदत १०९७ वर मिळते, व्यसनमुक्तीची १४४४६ वर. फोनला पैसे पडत नाहीत. कीर्तन ऐकून मन हललेला माणूस त्याच रात्री घरी जाऊन फोन करू शकतो.

देशात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या सर्वात जास्त आपल्या महाराष्ट्रात आहे. म्हणजे आपल्या मांडवात, आपल्या दिंडीत, टाळकऱ्यांच्या रांगेत ही माणसं आजही आहेत. आपल्याला ती ओळखू येत नाहीत, कारण ती इतरांसारखीच गातात, चालतात, सेवा करतात. ती दयेची भुकेली नाहीत. त्यांना काम द्या, जबाबदारी द्या, किल्ली द्या, वाढपी करा, वीणा द्या. माझ्यासारखा माणूस पुन्हा उभा राहिला तो कुणी कीव केली म्हणून नाही. त्याच्यावर काहीतरी सोपवलं गेलं, म्हणून.

पत्राखाली मी नाव लिहीत नाही. घरात लेकरं आहेत, त्यांची लग्नं व्हायची आहेत, आणि गावाचं मन अजून तेवढं मोठं झालेलं नाही. ते मोठं करण्याची ताकद ज्यांच्याकडे आहे, त्यांनाच हे पत्र आहे. येत्या आषाढीला दिंड्या निघण्यापूर्वी प्रत्येक फडाच्या बैठकीत या सहा विनंत्या वाचल्या जाव्यात. सगळ्या एकदम नाही पटल्या, तर पहिलीपासून सुरुवात करा. आपल्या गावात ज्यानं माळ काढून ठेवली आहे असा एक तरी माणूस आपल्याला माहीत असेल. याच आठवड्यात त्याच्या घरी जा. काय बोलायचं सुचलं नाही तर नुसते बसा, आणि उठताना त्याला हरिपाठाला यायला सांगा.

आपला नम्र,
सांगली जिल्ह्यातील एक माळकरी